शिपायाची बाटली कोणत्या गावची?

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश-हिंदी फौजेची पाण्याची बाटली हातात घेतली की पहिल्यांदा जाणवतो तो तिचा बाक. लोखंडी पत्र्याची ही बाटली एका अंगाने आत वळलेली असते, त्यामुळे चालताना ती शिपायाच्या कमरेला बसून राहते, हिंदकळत नाही. पत्र्यावर इनॅमलचा जाड लेप, त्यावर खाकी नमद्याचे शिवलेले आवरण, तोंडाला दोरीने अडकवलेले बूच. पाणी मावते दोन पाइंट, म्हणजे सव्वा लिटरहून थोडे कमी. आवरण भिजवून ठेवले तर वाऱ्याने ते सुकता सुकता आतले पाणी गार होते. ट्रकच्या पुढच्या बाजूला लटकवलेल्या कॅनव्हासच्या छागलीत हेच तत्त्व वापरलेले असे. जुन्या बाटलीच्या तोंडाशी इनॅमलचे टवके उडालेले दिसतात, तिथे गंज धरलेला असतो, आणि नमद्याला कसरीने भोके पाडलेली असतात. अशा बाटल्या, मेस टिन, सुती पट्टे, हॅवरसॅक, ग्राउंडशीट, इनॅमलचे मग जमवणारे लोक जगभर आहेत. त्यांच्या बाजारात वस्तूची किंमत ठरते ती साल, कारखाना आणि अवस्था यांवरून. वस्तू जितकी कोरी तितका भाव चढा.

हा हिशेब इंग्लंड-अमेरिकेच्या बाजारात चालत असेल; गोंदिया जिल्ह्यात तो चालवू नये, असे माझे म्हणणे आहे. इथे शिपायाच्या सामानाचे मोल ठरते ते ती वस्तू या मुलखात कशी आली, कोणाच्या घरात राहिली आणि तिथे तिचा काय उपयोग झाला यावरून. ही माहिती वस्तूवर कोरलेली नसते. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत, पेन्शनच्या कागदात, ट्रंकेच्या झाकणावरच्या रंगवलेल्या अक्षरांत असते, आणि वस्तू घराबाहेर पडली की पहिल्या व्यवहारातच वस्तूपासून तुटते. म्हणून या जिल्ह्यात कोणी असा संग्रह करणार असेल तर त्याने वस्तूच्या आधी नोंद गोळा केली पाहिजे. नोंदीशिवाय जमवलेल्या शंभर बाटल्या हा साठा आहे. नोंदीसह जपलेली एक बाटली जिल्ह्याच्या इतिहासाचे साधन आहे.

वस्तू किती बोलते

वस्तू स्वतः काहीच सांगत नाही असे नाही. ब्रिटिश साम्राज्यातल्या सरकारी मालावर रुंद फाळाच्या बाणाची खूण असे. हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्या बाणाखाली इंग्रजी ‘आय’ हे अक्षर येई. कॅनडाच्या मालावर बाण ‘सी’ अक्षराच्या पोटात असे. १९३७ सालच्या नमुन्याचे सुती पट्टे ब्रिटनखेरीज कॅनडा, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि हिंदुस्थान इथेही विणले गेले, आणि हिंदी विणीचा पट्टा हाताला वेगळा लागतो. त्याआधीच्या पिढीचे सामान आणखी निराळे. ब्रिटिश पायदळाला १९०८ सालीच सुती पट्ट्यांचा संच मिळाला होता, पण १९१४ साली फ्रान्सला गेलेल्या हिंदी पायदळाच्या अंगावर प्रामुख्याने १९०३ च्या नमुन्याचे चामडी पट्टे होते. राज्यकर्त्यांच्या शिपायाला नवा नमुना आधी आणि हिंदी शिपायाला मागाहून, हा क्रम सामानातच वाचता येतो. लढाईच्या काळातली टंचाईसुद्धा धातूत उतरलेली असते. अमेरिकी शिपायाची एक क्वार्टची बाटली आधी ॲल्युमिनियमची होती. विमानांसाठी ॲल्युमिनियम लागू लागल्यावर १९४२ पासून ती स्टेनलेस स्टीलचीही निघू लागली. ब्रिटिशांनी पूर्वेकडच्या जंगलातल्या लढाईसाठी १९४४ साली हलके सामान आखले, तेव्हा इनॅमलची जड बाटली सोडून ॲल्युमिनियमची बाटली आणि तिच्याबरोबर बसणारा मग दिला. ब्रह्मदेशाच्या रानात शिपायाच्या पाठीवरचा एकेक पौंड किती महाग पडत होता, हे त्या बदलातून समजते.

पण वस्तूचे बोलणे इथवरच. बाटलीवर साल असते, कारखान्याचे नाव असते, पिणाऱ्याचे नाव क्वचितच असते. ही उणीव किती मोठी आहे हे एका उदाहरणावरून कळेल. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि हिंदी फौजेचे हजारो शिपाई जपान्यांच्या हाती लागले. त्यांतून आझाद हिंद फौज उभी राहिली, तेव्हा अनेकांच्या अंगावर तोच खाकी पोशाख, तेच पट्टे आणि हातात ब्रिटिशांकडून जपान्यांनी काबीज केलेलीच शस्त्रे होती. म्हणजे बाण आणि ‘आय’ अशी खूण असलेली बाटली इंफाळच्या आघाडीवर दोन्ही बाजूंच्या शिपायांच्या कमरेला असू शकत होती. एक बादशहाच्या नावाने लढत होता आणि दुसरा नेताजींच्या. दोन्ही बाटल्या आज शेजारी ठेवल्या तर तज्ज्ञालाही फरक सांगता येणार नाही. जिच्याबरोबर माणसाचे नाव टिकले, तीच आपली बाजू सांगू शकते.

दुसरे उदाहरण गोंदियाच्या अधिक जवळचे आहे. समजा, गोंदियाच्या बाजारात ‘यू.एस.’ छापाची बाटली सापडली. ती पाहून गोंदियाजवळच्या बिरसीच्या युद्धकालीन धावपट्टीवर अमेरिकी वैमानिक उतरले होते असा निष्कर्ष कोणी काढेल, आणि तो घाईचा असेल. गोंदिया हे बंगाल-नागपूर रेल्वेच्या हावडा-नागपूर मार्गावरचे जंक्शन. त्याच मार्गाच्या पूर्व टोकाला खरगपूर आणि चाकुलिया इथे १९४४ साली अमेरिकेच्या बी-२९ बाँबफेकी विमानांचे तळ होते. युद्ध संपल्यावर मे १९४६ मध्ये अमेरिका आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात शिल्लक युद्धसामग्रीचा करार झाला, आणि सरकारच्या ताब्यातला उरलेला माल डिस्पोजलच्या विक्रीतून देशभरच्या व्यापाऱ्यांकडे गेला. तंबू, बूट, ब्लँकेट, जर्किन, बाटल्या असा हा माल कित्येक वर्षे शहरांच्या बाजारांत विकला जात होता. म्हणजे ती बाटली रेल्वेच्या नोकरदाराने आणलेली असेल, डिस्पोजलच्या मालातून आली असेल, किंवा गेल्या दहा वर्षांत कोणी ऑनलाइन मागवलेली असेल. तीन वाटा, तीन वेगळे इतिहास, आणि बाटली मात्र एकच. कोणती वाट खरी हे ठरवणारा पुरावा बाटलीच्या बाहेर असतो.

गोंदियाचा फौजेशी संबंध काय?

इथे पहिला आक्षेप येतो. फौजी परंपरा म्हटली की सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव ही नावे निघतात. साताऱ्याच्या आपशिंगे गावाला तर ‘मिलिटरी’ हे विशेषणच लागले आहे. धानाच्या, तलावांच्या आणि बिडीच्या गोंदियात शिपायाचे सामान शोधण्यात काय अर्थ? आक्षेप दिसतो तितका भक्कम नाही. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांत तो भंडारा जिल्ह्यात, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात दडलेला आहे. ‘गोंदिया’ असे नाव धरून शोधणाऱ्याला काही सापडत नाही, याचे कारण बऱ्याचदा शोधण्याच्या पद्धतीत असते.

जिल्ह्याचा फौजेशी संबंध निदान चार मार्गांनी आला. पहिला रेल्वेचा. गोंदियाहून मुख्य मार्ग एकीकडे नागपूरला, दुसरीकडे रायपूरकडे जातो. बालाघाटमार्गे जबलपूर आणि दक्षिणेला चांदा अशा वाटाही इथून फुटतात. जबलपूर हे तोफगाड्यांच्या कारखान्याचे आणि छावणीचे शहर, तर नागपूरच्या वाटेवरचे कामठी ही १८२१ पासूनची छावणी. दोन छावण्यांच्या मधले जंक्शन फौजेच्या हालचालीपासून अलिप्त राहूच शकत नाही. दुसरा मार्ग बिरसीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९४० साली, ब्रिटिशांनी गोंदियाजवळ बिरसी इथे धावपट्टी बांधली. पुढे ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, मग १९९८ ते २००५ या काळात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि त्यानंतर विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. मार्च २०२२ मध्ये तिथून नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली तेव्हा वर्तमानपत्रांत गोंदियाच्या भविष्याची चर्चा झाली. धावपट्टीचे मूळ युद्धात आहे ही गोष्ट एका ओळीत उरकली गेली. धावपट्टी म्हणजे जमीन, मजूर, मुरूम, पाणी, पेट्रोलची पिंपे, पहारा. हे सारे आजूबाजूच्या गावांनी पाहिलेले आहे. त्या गावांतल्या घरांत काय उरले, याची पद्धतशीर विचारपूस हेच गोंदियाच्या संग्राहकाचे पहिले काम असायला हवे.

तिसरा मार्ग कामठीच्या भरतीचा. महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली, पण दुसरी पलटण १९४२ साली कामठीत उभी राहिली. ती पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली. विदर्भाच्या पूर्व भागातल्या तरुणाला ही भरती रेल्वेने काही तासांच्या अंतरावर होती. चौथा मार्ग स्वातंत्र्यानंतरचा. १९६२ च्या चीन युद्धानंतर संरक्षण उत्पादन वाढवण्याच्या धोरणातून भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना आला, नागपूरजवळ अंबाझरीचा आणि भद्रावतीला चांद्याचा कारखाना आला. या भागातल्या हजारो कुटुंबांचा फौजेशी संबंध रणांगणावरून नाही, तर कारखान्याच्या भोंग्यावरून जुळला. शिपायाचे सामान म्हणजे फक्त लढलेल्या माणसाचे सामान, अशी समजूत धरली तर गोंदियाला बाजूला सारता येईल. पण ते सामान बनवणारा, वाहणारा, उतरवून घेणारा, आणि शेवटी विकत घेऊन शेतात वापरणारा माणूसही त्याच इतिहासात आहे. या दृष्टीने सातारा आणि गोंदिया यांचे इतिहास निराळे आहेत, आणि गोंदियाचा इतिहास अजून कमी लिहिला गेला आहे.

पाणी कोणाच्या हातचे

पाण्याची बाटली ही वस्तू आपल्या समाजात आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. युरोपातल्या शिपायाला ती केवळ तहान भागवण्याचे साधन होती. आपल्याकडे पाणी कोणी भरले, कोणाच्या भांड्यातून आले, याला माणसाच्या दर्जाइतके महत्त्व होते. रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे रांजण असत, आणि अस्पृश्य मानलेल्या प्रवाशाला त्यांपैकी कशालाही हात लावण्याची मुभा नसे. फौजेतही जातवार कंपन्या, वेगळे लंगर आणि स्वतःचा पितळी लोटा ही व्यवस्था दीर्घकाळ चालली. शिस्तीने ती मोडली नाही, उलट सांभाळून घेतली. अशा समाजात सरकारने प्रत्येक शिपायाला सारख्या मापाची, सारख्या आकाराची, त्याच्या एकट्याच्या मालकीची पाण्याची बाटली दिली. दोन पाइंट पाणी, जातीचा उल्लेख नाही, कमरेला नेहमी आपल्याजवळ. याचा अर्थ फौजेने जात मोडली असा मुळीच नाही. ब्रिटिशांनीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. भरतीसाठी लढणाऱ्यांत स्वतः फौजेचे पेन्शनर असलेले गोपाळबाबा वलंगकर होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, आणि १९४१ साली व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर असलेल्या बाबासाहेबांनी महार रेजिमेंटचा आग्रह धरला.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते ओंजळभर पाण्यासाठी होते. सार्वजनिक पाण्यावर हक्क सांगणाऱ्या त्या चळवळीच्या मागे फौजेच्या नोकरीने आत्मसन्मानाची सवय लावलेल्या पिढ्या उभ्या होत्या, हे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात नोंदलेले आहे. आता कल्पना करा की १९४२ साली कामठीत भरती झालेला तरुण सरकारी बाटली भरून कोणत्याही नळावर पाणी पितो आणि रजेवर गावी येतो, तेव्हा गावच्या विहिरीवर त्याला काय वागणूक मिळते? या प्रश्नाचे उत्तर भंडाऱ्याच्या गॅझेटियरमध्ये नाही. ते त्या शिपायांच्या मुला-नातवांकडे आहे. एखाद्या घरात अशी बाटली असेल तर ती कितव्या नमुन्याची हा प्रश्न दुय्यम आहे. तिचे घरात पुढे काय झाले, ती शेतावर नेली गेली का, तिच्यातून कोण पाणी प्याले, ती कोणी कधी लपवली का किंवा मिरवली का, हे प्रश्न आधीचे आहेत. ही उत्तरे बाजारात विकत मिळत नाहीत, आणि या उत्तरांविना बाटलीला साम्राज्याच्या गुदामातला एक आकडा यापलीकडे अर्थ उरत नाही.

युद्धाचे उदात्तीकरण आणि परक्यांची चाकरी

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. युद्धातल्या वस्तू मांडून ठेवणे म्हणजे युद्धाचे कौतुक करणे नव्हे काय? शस्त्रांच्या संग्रहाबाबत हा धोका खरा आहे. भिंतीवर टांगलेली संगीन पाहणाऱ्याचे लक्ष ती चालवणाऱ्याच्या पराक्रमाकडे जाते. बाटली, ताट आणि पट्टा यांचे तसे नाही. या वस्तू पाहणाऱ्याला तहान, भूक आणि ओझे यांचा विचार करायला लावतात. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात अन्न संपले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. जखमी आणि आजारी शिपायांचे इतके हाल झाले की ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १९१७ च्या अहवालात पुरवठा व औषधोपचार यांतल्या ढिसाळपणाबद्दल हिंदुस्थान सरकारवर ठपका आला. रिकामे मेस टिन हा त्या अहवालाचा सर्वांत साधा पुरावा आहे. ज्याला युद्धाची खरी किंमत दाखवायची आहे, त्याने तलवारीच्या आधी हे टिन समोर ठेवावे.

तिसरा आक्षेप असा की हे सामान परक्या सत्तेच्या फौजेचे आहे. ते जपणे म्हणजे गुलामीची आठवण जपणे. पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख हिंदी माणसे सेवेत होती आणि ७४ हजारांच्या आसपास कामी आली. दुसऱ्या महायुद्धात ही फौज २५ लाखांवर गेली आणि सुमारे ८७ हजार माणसे मेली. इतक्या माणसांना इतिहासातून वगळून देशाचा इतिहास पुरा होत नाही. शिवाय याच शिपायांनी, याच सामानासह, साम्राज्याला प्रश्न विचारले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या केंद्रावर खलाशांनी बंड पुकारले, आणि ठिणगी पडली ती निकृष्ट अन्नावरून. ताटातल्या डाळीवरून सुरू झालेली तक्रार काही दिवसांत जहाजांवर आणि बंदरांवर पसरली. फौजेचे ताट आणि फौजेचे पाणी हे आज्ञापालनाचे साधन होते तसेच अवमानाचे मापही होते. ही दोन्ही रूपे एकत्र पाहायची असतील तर सामान फेकून देऊन चालणार नाही.

बाजाराने वाचवले, हे खरे, पण

चौथा आक्षेप संग्राहकांकडून येतो, आणि त्यात सर्वांत जास्त तथ्य आहे. ते म्हणतात, वस्तूला भाव आला म्हणून ती वाचली. नाहीतर भंगारात वितळली असती. नोंदीचा आग्रह धरला तर हौस मरेल. पहिला भाग मान्य करायलाच हवा. पहिल्या महायुद्धाची चांदीची ब्रिटिश पदके हे याचे ठळक उदाहरण आहे. त्यांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे, तरी चांदीच्या भावापायी कितीतरी पदके सोनारांकडे वितळली. ज्याने ती वितळण्याआधी विकत घेतली त्याने नाव वाचवले. पण दुसरा भाग मान्य होत नाही. बाजार स्वच्छतेला किंमत देतो आणि स्वच्छता पुरावा मारते. शिपाई आपल्या सुती पट्ट्यांना ब्लँको नावाचा रंग थरावर थर देत असत. एका पट्ट्यावर वेगवेगळ्या छटांचे थर असतील तर तो एकापेक्षा अधिक ठिकाणी वापरात असल्याची शक्यता कळते. तो पट्टा साबणाने धुतला की हे वाचन कायमचे संपते. पितळी बकलांना चिंच किंवा पितांबरी लावून चकचकीत केले की बारीक छाप पुसट होतात. आणि बाजाराचा आणखी एक दोष आहे. युद्धप्रसंग हुबेहूब रंगवणाऱ्या हौशी मंडळांसाठी आणि चित्रपटांसाठी अशा सामानाच्या नकला मोठ्या प्रमाणावर बनतात, आपल्या देशातही बनतात. त्या बनवण्यात गैर काही नाही, पण जुन्या म्हणून विकल्या की त्या इतिहास बिघडवतात. नकलेपासून अस्सल वस्तू वेगळी काढण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे अखंड नोंद: कोणाच्या घरातून, कोणत्या गावातून, कोणत्या साली, कोणी दिली.

कायद्याचा मुद्दाही इथेच येतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षे जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे पहिल्या महायुद्धातले सामान आता या मर्यादेत येते, दुसऱ्या महायुद्धातले अजून नाही. मोठ्या पात्याच्या संगिनीला शस्त्रकायदा लागू होतो. फौजी गणवेश किंवा त्याच्यासारखा पोशाख शिपाई असल्याचा आभास करण्यासाठी घालणे हा गुन्हा आहे. गोंदिया दीर्घकाळ नक्षलग्रस्त जिल्हा राहिला आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगल भागात फौजी छापाचे कपडे आणि पट्टे याला तिथल्या लोकांच्या लेखी निराळा आणि भीतीचा अर्थ आहे. त्यामुळे इथल्या संग्राहकाने शस्त्र, दारूगोळा आणि गणवेश यांच्या वाटेला जाऊ नये. जुने काडतूस किंवा गोळा सापडला तर हात न लावता पोलिसांना कळवावे. बाटली, ताट, ट्रंक, पट्टा, पत्र, फोटो एवढ्यावर थांबावे. हे बंधन संग्रहाला अपुरे करत नाही. उलट त्याचा रोख योग्य ठिकाणी, म्हणजे माणसाच्या रोजच्या जगण्यावर ठेवते.

नोंद कशी व्हावी

मराठी माणसाला या कामासाठी परदेशी आदर्श शोधण्याची गरज नाही. दिनकर गंगाधर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली तो संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. राजा दिनकर केळकर संग्रहालय आज उभे आहे ते राजवाड्यांतल्या वस्तूंवर नाही, तर सामान्य घरांतल्या वस्तूंवर. फौजी सामानाची संग्रहालये राज्यात आहेत, अहिल्यानगरला रणगाड्यांचे आहे, पुण्यात युद्धस्मारकाचे आहे. पण ती पलटणींच्या आणि यंत्रांच्या बाजूने बोलतात. गावाच्या बाजूने बोलणारा संग्रह अजून व्हायचा आहे, आणि तो गोंदियासारख्या जिल्ह्यात होणे अधिक सयुक्तिक आहे. त्यासाठी इमारत लागत नाही. वस्तू घरातच राहू द्यावी, फक्त तिचा फोटो, माप, तिच्यावरचे सर्व छाप आणि घरच्यांनी सांगितलेली हकिकत त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावी. पत्र्याच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला क्रमांक, नाव आणि पलटण जसेच्या तसे उतरवावे. तो एक क्रमांक दहा आठवणींपेक्षा जास्त दारे उघडतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत अनेक हिंदी शिपायांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव, तहसील आणि जिल्हा दिलेला आहे. तिथे ‘भंडारा’ या जिल्ह्याखाली शोध घेऊन आजच्या गोंदियातली गावे वेगळी काढता येतील, आणि मग त्या गावांत जाऊन विचारता येईल.

असा शोध किती फळतो याचे उदाहरण समोर आहे. पंजाबातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास सैनिकांच्या पहिल्या महायुद्धातल्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात सुमारे शतकभर पडून होत्या. त्या २०२१ मध्ये सर्वांसाठी खुल्या होऊ लागल्या, तेव्हा कित्येक घरांना आपल्या पणजोबांचे नाव पहिल्यांदा छापील स्वरूपात दिसले. आपल्या जिल्ह्याचे काम आकाराने लहान आहे, म्हणूनच ते होण्यासारखे आहे. धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय, न. मा. द. महाविद्यालय अशा संस्थांचे विद्यार्थी आणि एनसीसीचे छात्र एका वर्षात तालुकावार नोंदवही उभी करू शकतात. तिची एक प्रत जिल्हा ग्रंथालयात आणि एक नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, ठेवता येईल. जतनाचे नियम साधे आहेत. गोंदियाचा पावसाळा दमट, त्यामुळे सुती पट्टे घडी न करता, कोरड्या मलमलीत गुंडाळून ठेवावेत; बाटलीत पाणी भरून ठेवू नये आणि जुन्या इनॅमलमधून पाणी पिऊ तर मुळीच नये; बुचाला तेल लावू नये; गंज खरवडू नये. आणि वस्तू विकायचीच असेल तर हकिकतीचा कागद वस्तूबरोबर जावा, त्याची प्रत घरात राहावी.

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून उतरवलेले कितीतरी लोखंडी-पितळी सामान भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. त्या सामानात रंग उडालेली ट्रंक, नमदा झडलेली बाटली किंवा सरकारी बाणाची खूण असलेले ताट असेल तर ते तराजूवर जाण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ते कोणाचे होते एवढे विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे. दुसऱ्या महायुद्धात भरती झालेली पिढी जवळजवळ संपली आहे. त्यांच्या मुलांची पिढी सत्तरी-ऐंशीत आहे. वस्तू अजून पन्नास वर्षे टिकतील, लोखंड टिकते. ज्यांना त्यांचे मालक माहीत आहेत ती माणसे तेवढी टिकणार नाहीत. म्हणून गोंदियाच्या संग्राहकाने पैसा आधी प्रवासावर आणि वहीवर खर्च करावा, खरेदीवर नंतर. या क्रमाने काम झाले तर मध्य प्रांतातला भंडारा जिल्हा एवढ्याच पत्त्याने ओळखले गेलेले शिपाई आपापल्या गावी, आपापल्या नावाने परत येतील, आणि जिल्ह्याला आपल्या माणसांचा हिशेब स्वतःच्या हाताने लिहिता येईल.